वेदनेपासून उसंत
(वार्षिक सभेतील प्रशासकांचे भाषण)



वर्षाचा जमाखर्च अहवालात आहेच. त्यातील एका उपचाराविषयी मात्र आकड्यांपलीकडे बोलणे आम्हांस आवश्यक वाटते.

स्वादुपिंडाचा दाह जुनाट झाला की पोटाच्या वरच्या भागातील कळ पाठीपर्यंत जाते. जेवणानंतर ती वाढते, म्हणून रुग्ण अन्नालाच भितो आणि खंगत जातो. मद्य व तंबाखू ही मोठी कारणे खरी. परंतु मद्याला कधीही न शिवलेल्या तरुणांनाही हा विकार जडतो. अशा प्रत्येक रुग्णास व्यसनी समजणे अन्यायाचे आहे.

स्वादुपिंडाच्या वेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूंचे जाळे जठराच्या मागे, महाधमनीच्या पुढे असते. सीटी स्कॅन अथवा एन्डोस्कोपिक सोनोग्राफीच्या साहाय्याने तेथवर सुई नेऊन बधिरतेचे औषध व स्टेरॉइड सोडतात. हाच सिलिअॅक प्लेक्सस ब्लॉक. त्यानंतर काही काळ रक्तदाब उतरणे वा जुलाब होणे संभवते. गंभीर गुंतागुंत विरळा.

गतवर्षी एका शेतकरी पित्याने आम्हांस विचारले, “साहेब, सुई वाया गेली का?” मुलाची कळ सातव्या आठवड्यात परतली होती. सुई वाया गेली नव्हती. चूक आमची होती. हा आराम सुमारे निम्म्याच रुग्णांना मिळतो, बहुधा काही आठवडे ते तीन महिने टिकतो आणि सहा महिन्यांपलीकडे क्वचितच जातो, हे त्यांना आधी कोणी समजावून सांगितलेच नव्हते. ब्लॉकने आजार बरा होत नाही. आता ही माहिती सोप्या मराठीत संमतीपत्रावर छापली असून ती नातेवाइकांना वाचून दाखविल्याखेरीज आम्ही सही घेत नाही.

मग या उपचारावर निधी का खर्चावा? कारण ही उसंत मोलाची आहे. त्या आठवड्यांत रुग्ण पोटभर जेवतो, शांत झोपतो; मद्य-तंबाखू सोडण्याचे बळ येते; पाचक एन्झाइम व आहार यांची घडी बसते. स्वादुपिंडाची नलिका तुंबलेली असल्यास शस्त्रक्रियेचा विचारही वेळेवर करता येतो. नेदरलँड्समधील ८८ रुग्णांच्या, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा रुग्णांना आधी एन्डोस्कोपी करण्यापेक्षा लवकर केलेल्या शस्त्रक्रियेने वेदनेपासून अधिक आराम मिळाल्याचे दिसले.

म्हणून केवळ किती ब्लॉक झाले, एवढ्यावर आम्ही समाधान मानणार नाही. मिळालेल्या उसंतीत किती रुग्ण पुढील उपचारांपर्यंत पोहोचले, याची नोंदही यापुढे ठेवू. वाणिज्य शाखेत आम्ही शिकलो ते हेच, की खर्चाची बाजू लिहिली म्हणजे हिशेब पूर्ण होत नाही.

आपल्या देणगीतून आम्ही रोगमुक्ती विकत घेऊ शकत नाही. वेळ मात्र मिळवून देऊ शकतो. तो सत्कारणी लावण्याची जबाबदारी आमची आहे. आपला लोभ असाच राहावा, ही विनंती.