गंजाडची भिंत आणि पॅरिसचे दालन

(वारली चित्रांच्या प्रदर्शनाच्या उद्घाटनप्रसंगी केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा मशे यांची चित्रे १९८९ साली पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातील प्रदर्शनात होती. २००३ साली जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथे इंग्रज कलावंत रिचर्ड लाँग यांच्या कलाकृतींशेजारी ती मांडली गेली. सारवलेल्या भिंतीवरील तांदळाच्या पिठाची रेघ सातासमुद्रापार पोहोचली. २०११ साली जिव्याजींना पद्मश्री लाभली.

प्रदर्शने सेतू बांधतात, ते असे. परंतु या सेतूचा पहिला दगड परदेशात बसलेला नाही. सत्तरच्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी नावाचा मराठी चित्रकार कागद घेऊन वनवासी पाड्यांवर गेला, ही त्याची सुरुवात!

चर्चगेटहून निघालेली लोकल २०१३पासून डहाणूपर्यंत जाते. आपल्यापैकी किती जण त्या पाड्यांवर गेले आहेत? आपल्या दिवाणखान्यात वारली नक्षीची उशी असते. लग्नघराच्या भिंतीवर चौक लिहिणाऱ्या सवाशिणी मात्र आपल्याला अपरिचित असतात. त्या चौकात पालघट देवी विराजमान असते आणि धवलेरीच्या गाण्यांवाचून लग्न लागत नाही. आपल्या बोहल्याशी, मंगलाष्टकांशी याचे नाते सांगायला पंडित कशाला हवा?

चित्रे विकत जरूर घ्या. घासाघीस मात्र नको. हे कलावंत बांधव आज येथेच बसले आहेत. त्यांचे नाव, त्यांचा पाडा आणि चौकातील देवीची कथा त्यांच्याच तोंडून ऐका. दालन रात्री आठपर्यंत उघडे आहे.