कऱ्हाडे यादीत आहेत, पण सापडत नाहीत

आज थोडं रेग्युलर एक्स्प्रेशनविषयी, म्हणजे रेगेक्सविषयी बोलू. मजकुरातून हवा तो आकार शोधायला संगणकाला दिलेला हा लेखी आदेश. सैन्यात आयुष्य गेलं, त्यामुळे मला तो आदेशच वाटतो. निवृत्तीनंतर इथं बेंगळुरूत मी माजी सैनिकांच्या याद्या जुळवायला मदत करतो. त्या कामासाठी मी रुबी वापरतो. युकिहिरो मात्सुमोतो यांनी ती १९९५ साली लोकांसमोर आणली. तिच्यात सगळं ऑब्जेक्ट असतं, रेगेक्ससुद्धा.

आदेशाचे दोन टप्पे असतात. पहिला, आदेश समजून घेणं, म्हणजे पार्सिंग. कंस उघडा राहिला तर रुबी तिथंच अडते आणि चूक दाखवते. दुसरा, आदेश अमलात आणणं, म्हणजे मॅचिंग. जुळलं तर मॅचडेटा नावाचा ऑब्जेक्ट हाती येतो. नाही जुळलं तर येतं 'निल'. ना आरडाओरडा, ना सूचना. धोका आहे तो या दुसऱ्या टप्प्यात.

'कऱ्हाडे' हे आडनाव घ्या. शब्दातलं अक्षर ओळखण्यासाठी बहुतेक जण बॅकस्लॅश डब्ल्यू लिहितात. रुबीत त्याचा अर्थ फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर. म्हणजे कऱ्हाडे जुळणारच नाहीत. पायथॉनच्या नेहमीच्या 'री' मोड्यूलमध्ये वेगळीच गंमत. तिथं देवनागरी अक्षरं चालतात, पण काना, मात्रा, हलन्त चालत नाहीत. कऱ्हाडे यांचे तीन तुकडे होतात: कऱ, ह, ड. आमच्या शेजाऱ्यांच्या कन्नड लिपीचंही तेच होतं.

रुबीत यावर उपाय आहे. दुहेरी चौकटी कंसात, दोन कोलनच्या मध्ये 'वर्ड' लिहा. त्यात अक्षरांबरोबर मात्राही येतात. आकड्यांसाठी तसंच 'डिजिट' लिहा, कारण रुबीतला बॅकस्लॅश डी देवनागरी ५६० ओळखत नाही.

पण एवढ्यानं भागत नाही. कऱ्हाडे मधला तो अर्धा र तीन तऱ्हांनी साठवलेला असू शकतो. एक, 'ऱ' हे एकच चिन्ह आणि हलन्त. दोन, साधा र, खाली नुक्ता, मग हलन्त. तीन, साधा र, हलन्त आणि त्यामागं एक अदृश्य चिन्ह, झिरो विड्थ जॉइनर. पडद्यावर तिन्ही सारखे दिसतात, यंत्राला तीन वेगळी माणसं वाटतात. युनिकोड नॉर्मलाइझ ही मेथड एनएफसी पद्धतीनं चालवली की पहिले दोन एक होतात. तिसरा तसाच राहतो. त्याला आपण स्वतः बदलून पहिल्यासारखं करायचं, आणि मगच शोधायचं. हीच गत गोऱ्हे, कुऱ्हाडे यांची.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा र साठी किती हा खटाटोप! पण यादीत नाव न सापडणं म्हणजे एखाद्या वीरपत्नीला 'तुमची नोंद नाही' असं उत्तर जाणं. नोंद असते हो, शोधणाऱ्याला दिसत नाही.

म्हणून हजेरीचा जुना नियम इथंही पाळा. एकूण किती, जुळले किती, न जुळलेले किती, ही बेरीज प्रत्येक वेळी मांडा. न जुळलेली नावं वेगळ्या फाइलमध्ये काढा आणि ती माणसानं डोळ्यांनी वाचावीत. 'निल' आलं म्हणजे माणूस गैरहजर, असं परस्पर ठरवू नका. आधी आपला आदेश आपल्या लिपीला पुरेसा आहे का, ते तपासा.

पुढच्या भागात न जुळलेल्या नावांची ही फाइल कशी काढायची ते करून बघू. जय हिंद.