रूप आणि कष्ट



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा आम्ही 'माणसाचे रूप' असे उत्तर दिले. चालक जरा चपापले. युनियनच्या माणसाने बोनस, महागाईभत्ता, फार तर कामगार कायदा ह्यांवर बोलावे, अशी रीत आहे. आमची शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयाच्या बाकावर आणि गेटसभेत झाले. दोन्ही ठिकाणी एक गोष्ट वारंवार दिसली. सुंदर कोणाला म्हणावे हा प्रश्न, घाम कोणी गाळावा ह्या प्रश्नाला अगदी खेटून उभा असतो. आज तेवढेच मांडावयाचे आहे.

प्रथम निसर्गाचे देणे निसर्गाच्या पदरात टाकू. सौंदर्य म्हणजे निव्वळ समाजाची कल्पना, असे म्हणणे बरोबर नाही. फ्रान्सिस गाल्टन ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने १८७८ साली गुन्हेगारांची छायाचित्रे एकावर एक छापून पाहिली. गुन्हेगाराचा खास चेहरा त्यातून उमटेल, अशी त्याची अटकळ होती. झाले उलटेच! मिसळून निघालेला चेहरा मूळच्या चेहऱ्यांहून देखणा दिसू लागला. १९९० साली जुडिथ लँगलॉइस आणि लोरी रॉगमन ह्या अमेरिकन संशोधिकांनी संगणकाच्या साहाय्याने बत्तीस-बत्तीस चेहरे एकत्र केले, तेव्हाही लोकांना सुट्या चेहऱ्यांपेक्षा बहुधा हे सरासरीचे चेहरेच अधिक आवडले. म्हणजे चारचौघांसारखा असणे, हा रूपाचा दोष नसून त्याचा पायाच आहे. आरशापुढे खंतावणाऱ्या तरुण मुलामुलींनी हे ध्यानात ठेवावे.

परंतु पाया निसर्गाचा असला, तरी वरचे मजले माणसे चढवतात. कातडीचा रंगच घ्या. कातडीत मेलॅनिन नावाचे द्रव्य असते. कडक उन्हातील अतिनील किरणांपासून ते शरीराचे आणि रक्तातील फोलेट ह्या जीवनसत्त्वाचे रक्षण करते. उलट जेथे ऊन कमी, तेथे ड जीवनसत्त्व तयार होण्यासाठी कातडी उजळ असणे सोयीचे पडते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या उन्हाचा हा जमाखर्च आहे. त्यात उच्चनीचता कोठून आली?

ती आली शेतातून. ज्याला उन्हात राबावे लागत नाही त्याची कातडी रापत नाही, म्हणून न रापलेली कातडी ही बसून खाणाऱ्याची खूण ठरली. सोळाव्या शतकात, पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळी, इंग्लंडातील उच्चकुलीन स्त्रिया तोंडाला शिशाचा सफेदा फासत. शिसे विषारी; गोरेपणापायी ते अंगात भिनवून घ्यावे लागे. पुढे हाच सफेदा भिंतीच्या रंगासाठी कारखान्यांत होऊ लागला, तेव्हा ते विष गरीब बायकांच्या वाट्याला आले. पूर्व लंडनमधील अशा बायकांची दैना चार्ल्स डिकन्सने १८६८ साली लिहून ठेवली आहे. ह्या कारखान्यांतील धोक्याच्या कामांवर बायकांना लावण्यास बंदी झाली ती १८९८ साली.

आता मौज पाहा. युरोपातील मजूर शेत सोडून गिरणीत आणि खाणीत गेला. ऊन न मिळाल्याने तोच फिकट पडला. तेव्हा १९२० नंतरच्या दशकात श्रीमंतांना समुद्रकाठी पडून कातडी तांबूस करून घेण्याचे वेड लागले! पुढे त्यासाठी दिव्यांची यंत्रे निघाली. त्या यंत्रांनी कर्करोग होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००९ साली जाहीर केले. मजूर जेथे उभा असेल त्याच्या विरुद्ध बाजूला सौंदर्य जाऊन बसले, हेच खरे.

दुसरे उदाहरण चीनचे. तेथे सुमारे हजार वर्षे मुलींचे पाय बांधण्याची चाल होती. पाच-सात वर्षांच्या मुलीची चार बोटे तळव्याखाली दुमडून पट्ट्यांनी आवळीत. तीन इंचांचे पाऊल हे सौंदर्याचे टोक मानीत. १९१२ साली तेथील नव्या प्रजासत्ताकाने ह्या चालीवर बंदी घातली. पण लॉरेल बॉसेन आणि हिल गेट्स ह्या विदुषींनी खेड्याखेड्यांतील शेकडो वृद्ध स्त्रियांना विचारून २०१७ साली एक वेगळाच हिशेब पुढे ठेवला. त्यांचे म्हणणे असे, की पाय बांधलेली पोर खेळायला पळत नाही. ती एका जागी बसून सूत कातते, कापड विणते. गिरणीचे स्वस्त सूत आले, घरच्या कताईतून पैसा सुटेना, तशी पाय बांधण्याची चालही मावळत गेली. म्हणजे जगाने ज्याला नाजूकपणा म्हटले, त्याच्या पोटात बालमजुरी दडली होती.

आपण चिन्यांना हसू नये. ज्या महाभारतातील द्रौपदीचे नावच कृष्णा, ते आपले. सावळ्या विठ्ठलापुढे हात जोडावयाचे आणि सून मात्र गोरी शोधावयाची, हेही आपलेच! 'फेअर अँड लव्हली' हे मलम १९७५ साली आपल्याकडे बाजारात आले. २०२० साली त्याचे नाव 'ग्लो अँड लव्हली' झाले. नाव बदलले, लग्नाच्या बाजारातील चौकशी बदलली का, हे ज्याने त्याने आपल्या घरात विचारावे.

आणि हा गोरेपणाचा सोसही किती लटका! काही वर्षांपूर्वी एका बड्या दुकानातील विक्रेत्या बाईंचे प्रकरण आमच्याकडे आले होते. त्यांच्या तोंडावर कोड उठले. कोड म्हणजे मेलॅनिन तयार करणाऱ्या पेशी नाहीशा होणे. ते संसर्गाने पसरत नाही. तरी मालकाने त्यांना गल्ल्यासमोरून उचलून मागच्या गोदामात बसवले. पांढरेपणासाठी मलमे विकणाऱ्या दुकानात अंगचा पांढरेपणा चालेना! चार महिन्यांच्या पत्रव्यवहारानंतर बाई पुढे आल्या. गिऱ्हाईक एकही तुटले नाही.

म्हणून आम्ही म्हणतो, रूपाचा प्रश्न हा रोटीचाही प्रश्न आहे. एअर इंडियाच्या हवाईसुंदरींची नोकरी पहिल्या गरोदरपणी संपवणारा नियम सर्वोच्च न्यायालयाने नर्गेश मिर्झा खटल्यात १९८१ साली रद्द केला. तरुण आणि आकर्षक स्त्रियाच हे काम नीट निभावतात, हा युक्तिवादही न्यायालयाने मानला नाही. मात्र लग्नाबाबतची आणि कमी वयात निवृत्तीची बंधने त्या निकालाने पुरती उठवली नाहीत. लढाई अर्धीच जिंकली गेली. आजही नोकरीच्या जाहिरातीत 'स्मार्ट, प्रेझेंटेबल' हे शब्द आपण वाचतो. त्यांचा अर्थ कोणी लिहून देत नाही. मुलाखतीच्या दाराशी काळ्यासावळ्या, जाड्या, ठेंगण्या पोरीला तो बरोबर कळतो.

सौंदर्य नको, असे आमचे म्हणणे नाही. कामगाराची पोरही वेणीत गजरा माळते आणि माळावाच. माणसाने नटावे, रूपावर लुब्ध व्हावे. मात्र रूप हे पगाराचे माप होऊ नये. ज्या कामाला जे कौशल्य लागते ते मागावे. चेहरा मागू नये. एवढी मागणी आपल्या दुकानांत, कचेऱ्यांत आणि सोयरिकीच्या बैठकीत प्रत्येकाने उद्यापासून करावी. तिला संपाची नोटीस लागत नाही.