उपवास : एका नवशिक्याचे निवेदन

(सुवर्णमहोत्सवानिमित्त दशलक्षण पर्वात, उत्तम तप धर्माच्या दिवशी दिलेले व्याख्यान)



तपावर बोलण्याचा अधिकार तपस्व्यांचा. दहाही दिवस उपवास करणाऱ्या भगिनी या सभागृहात बसल्या आहेत. मी मात्र वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत एकाशनाच्या पुढे गेलो नव्हतो. आचार्य शांतिसागर महाराजांच्या कुंथलगिरी येथील १९५५ सालच्या सल्लेखनेच्या कथा ऐकत आम्ही वाढलो. परंतु एवढा मोठा आदर्श समोर असला की 'हे आपले काम नव्हे' असे म्हणून सुटका करून घेणेही सोपे जाते.

शेजारचे स्नेही नेहमी विचारीत, "तुमच्या उपवासाला काय चालते?" साबुदाणा, भगर, रताळे यांची सवय असलेल्या त्यांना 'काहीच नाही' हे उत्तर पटत नसे. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात चारही प्रकारच्या आहाराच्या त्यागास उपवास म्हटले आहे व एकदा जेवण्यास प्रोषध. सप्तमीस एकाशन, अष्टमीस उपवास, नवमीस पुन्हा एकाशन; सप्तमीच्या दुपारपासून नवमीच्या दुपारपर्यंत सोळा प्रहर, म्हणजे ४८ तास. हे गणित मला तोंडपाठ होते. करून मात्र पाहिले नव्हते.

निवृत्तीनंतर एका अष्टमीस तो योग आला. सकाळ अभिषेक, पूजन व स्वाध्यायात सुखाने गेली. दुपारी डोके ठणकू लागले. ती भूक नव्हती, दिवसातून चार वेळा घेतलेल्या चहाची अनेक वर्षांची थकबाकी होती! तेवढ्यात स्वयंपाकघरातून फोडणीचा वास आला आणि मी ओरडलो, "आज माझा उपवास आहे, एवढेही या घरात कोणाला कळू नये?"

सौभाग्यवती शांतपणे म्हणाल्या, "अहो, सासूबाईंचा उपवास असे, तेव्हा आपणा सर्वांचा स्वयंपाक त्याच करीत होत्या ना?"

आईचे अष्टमी-चतुर्दशीचे उपवास मी लहानपणापासून पाहिले होते. खरे म्हणजे पाहिलेच नव्हते. चुलीपुढे बसून ती आमच्या भाकऱ्या थापी, सूर्यास्तापूर्वी सर्वांची पाने वाढी, आणि आग्रहही करी. तिचा आवाज त्या दिवशी कधी चढल्याचे मला आठवत नाही. माझ्या उपवासाची वार्ता मात्र आदल्या दिवशीच साऱ्या गल्लीत पोहोचली होती.

सहा बाह्य तपांत अनशन पहिले. सहा अंतरंग तपांत प्रायश्चित्त पहिले आणि विनय दुसरा. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायातील हा क्रम मी कितीदा वाचला असेन! त्या सायंकाळी सामायिकास बसण्यापूर्वी पत्नीची क्षमा मागितली. अन्न सोडण्यापेक्षा ते अवघड गेले, हे प्रांजळपणे सांगतो.

विश्वस्त मंडळाने रागावू नये, परंतु तपस्व्यांच्या सत्काराचे हार व छायाचित्रे पाहताना मला आता थोडी भीती वाटते. अनुमोदना अवश्य व्हावी. ती घरात जाऊन, त्या दिवसाचे काम वाटून घेऊन झाली तर? तसेच ज्यांना मधुमेह आहे, औषधे चालू आहेत, त्यांनी ईर्षेने उपवास धरू नये. वैद्यकीय सल्ला घ्यावा. सोळाकारण भावनांत शक्तीनुसार तप सांगितले आहे, आणि दोन घास कमी खाणे किंवा दूध, दही, तूप, तेल, साखर, मीठ यांतील एखादा रस सोडणे हेही बाह्य तपच आहे.

पुढील चतुर्दशीस सौभाग्यवतींचा उपवास होता. त्या दिवशी कुकर मी लावला. वरणात मीठ घालावयाचे राहिले, आणि उपवासामुळे चव पाहून ते सांगणारेही कोणी नव्हते. मुलांनी निमूटपणे जेवण केले, धाकटा एवढेच म्हणाला, "बाबा, आज आम्हा सर्वांचा रसपरित्याग झाला."