पोलीस विचारतात तेव्हा : गप्प राहण्याचा हक्क

आजचा विषय ऐकून काही जणांच्या कपाळावर आठ्या पडल्या असतील. पोलिसांसमोर गप्प बसायचं? आपण काही केलंच नाही, तर बोलायला काय हरकत आहे? आपल्याकडे म्हणच आहे, कर नाही त्याला डर कशाला.

म्हण चांगली आहे. पण चौकीत ती प्रत्येक वेळी चालत नाही. समजा, तुम्ही इंदूरला भाड्याने राहता आणि वरच्या मजल्यावर चोरी झाली. हवालदार विचारतो, "रात्री कुठे होतात?" तुम्ही घाईत म्हणता, "घरीच होतो." प्रत्यक्षात साडेनऊला तुम्ही गोळ्या आणायला खाली गेला होतात, आणि मेडिकलच्या कॅमेऱ्यात दिसता. चोरीशी तुमचा संबंध शून्य. पण तपास अधिकाऱ्याच्या लेखी तुम्ही आता खोटं बोललेला माणूस झालात. म्हणून हा हक्क गुन्हेगारांपुरता आहे, असं समजू नका. विसरणाऱ्या, गोंधळणाऱ्या साध्या माणसालाही तो तितकाच लागतो.

हा हक्क येतो कुठून? संविधानाच्या अनुच्छेद 20(3) मधून. गुन्ह्याचा आरोप असलेल्या कोणालाही स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. त्याला जोड आहे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 180 ची. 1 जुलै 2024 पासून ही संहिता लागू झाली. त्याआधी हीच तरतूद जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 161 मध्ये होती. ती म्हणते, पोलिसांनी प्रकरणाबद्दल विचारलेल्या प्रश्नांची खरी उत्तरं द्यावीत. मात्र ज्या उत्तरामुळे तुमच्यावरच गुन्ह्याचा आरोप येऊ शकतो, ते उत्तर देण्याचं बंधन नाही.

या विषयावरचा सर्वात महत्त्वाचा निकाल 1978 चा आहे. ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री नंदिनी सत्पथी यांना 1977 मध्ये भ्रष्टाचाराच्या प्रकरणात कटकच्या दक्षता पोलीस ठाण्यात बोलावलं गेलं. प्रश्नांची लांबलचक लेखी यादी समोर ठेवली. त्यांनी उत्तरं द्यायला नकार दिला, तेव्हा उत्तर न दिल्याबद्दलच त्यांच्यावर खटला भरला. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकाल लिहिला. हे संरक्षण कोर्टात उभं राहिल्यावरच मिळतं असं नाही, पोलिसांच्या चौकशीपासूनच मिळतं, असं न्यायालयाने सांगितलं. मारहाणच नव्हे, तर मानसिक दबाव, थकवणारी उलटतपासणी, धाकदपटशा हीसुद्धा सक्तीच. खटला रद्द झाला. पण बाईंनाही सांगितलं गेलं, की ज्या प्रश्नांनी तुम्ही अडकत नाही त्यांची उत्तरं द्या, आणि एखादं उत्तर नाकारायचं असेल तर त्याचं कारण थोडक्यात सांगा.

म्हणजे या हक्काला मर्यादा आहेत. त्या नीट समजून घेऊ.

पहिली, नाव-पत्ता लपवू नका. काही परिस्थितीत तेवढ्यावरूनही अटक होऊ शकते. दुसरी, गप्प राहणं आणि खोटं बोलणं यांत फरक आहे. गप्प राहणं हक्क आहे, खोटी माहिती देणं स्वतंत्र गुन्हा ठरू शकतो. आठवत नसेल तर "आठवत नाही, बघून सांगतो" असं सरळ म्हणा. तिसरी, बोटांचे ठसे किंवा हस्ताक्षराचा नमुना देणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष नव्हे, हे 1961 मध्ये मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड या खटल्यात ठरलं. आवाजाच्या नमुन्याबाबतही 2019 मध्ये तसंच ठरलं. मात्र नार्को, पॉलिग्राफ, ब्रेन मॅपिंग या चाचण्या तुमच्या संमतीशिवाय करता येत नाहीत. हा सेल्वी प्रकरणातला 2010 चा निकाल.

चौथी मर्यादा खटल्याच्या वेळची. घराच्या चार भिंतींत पत्नीचा खून झाला आणि घरात फक्त नवरा होता, तर काय घडलं याचं स्पष्टीकरण त्याच्याकडून अपेक्षित असतं. त्रिमुख मारोती किरकन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या 2006 च्या निकालात न्यायालयाने हे सांगितलं. तिथे मौन त्याच्याविरुद्धची एक कडी ठरू शकते. म्हणून कुठे बोलायचं, कुठे नाही, हे वकिलाला विचारूनच ठरवा.

आता प्रत्यक्षात काय करायचं?

बोलावणं आलं तर लेखी नोटीस मागा. साक्षीदार म्हणून बोलावलं आहे की आरोपी म्हणून, ते विचारा. स्त्रिया, 15 वर्षांखालची मुलं, 60 वर्षांवरचे पुरुष, दिव्यांग आणि गंभीर आजारी व्यक्ती यांना साक्षीसाठी राहत्या जागेबाहेर यायला भाग पाडता येत नाही. अटक झाली तर कारण विचारा, घरच्यांना कळवायला सांगा. प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर उभं करावं लागतं. चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येतं. पूर्ण वेळ तो शेजारी बसेलच असं नाही, पण भेट मागा. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाच्या 15100 या क्रमांकावर फोन करा. स्त्रियांना आणि कोठडीतल्या व्यक्तींना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

सिनेमात अमेरिकी पोलीस आधी "तुम्हाला गप्प राहण्याचा हक्क आहे" असं बजावतो. आपल्याकडे पोलिसांनी चौकशीआधी तसं सांगावं, असं कलम नाही. म्हणून तो हक्क आपणच नम्रपणे सांगायचा. "साहेब, मी सहकार्य करतोय. या प्रश्नाचं उत्तर मात्र वकिलांशी बोलल्याशिवाय देणार नाही." एवढंच. आवाज चढवू नका, वाद घालू नका. कबुली दिली नाही म्हणजे असहकार केला असं होत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेलं आहे.

एक गोष्ट महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या मंडळींसाठी खास. जबाब गुजरातीत, कन्नडमध्ये, तेलुगूत लिहिला जातो. बोलता येत असलं तरी अनेकांना ती लिपी वाचता येत नाही. लक्षात ठेवा, तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर जबाब देणाऱ्याची सही घ्यायची नाही, असं कायदाच सांगतो. नोटीस पोचल्याची किंवा अटकेच्या मेमोवरची सही वेगळी. कोऱ्या कागदावर किंवा न कळणाऱ्या मजकुरावर सही करू नका. वाचून, समजावून देण्याचा आग्रह धरा.

पोलिसांपुढे दिलेली कबुली एरवी पुरावा ठरत नाही. तिच्यामुळे एखादी वस्तू सापडली, तर तेवढा भाग मात्र वापरता येतो. आणि मकोकासारख्या कायद्यात पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढची कबुलीही चालू शकते. ईडी किंवा कस्टम्सचं समन्स आलं तर नियम वेगळे आहेत. तिथे वकिलाचा सल्ला घेतल्याशिवाय जाऊ नका.

पोलीस आपले शत्रू नाहीत. चोरी झाली की आपण त्यांच्याकडेच धावतो. पण पुरावा शोधणं हे त्यांचं काम आहे, आरोपीच्या तोंडून तो काढणं नव्हे. हा भाग आज घरी सर्वांना ऐकवा, विशेषतः शिक्षणासाठी परराज्यात एकट्या राहणाऱ्या मुलामुलींना. 15100 हा क्रमांक त्यांच्या फोनमध्ये आत्ताच टाकून द्या.