जिनातल्या माणसाचे नाव कुठे लिहिले आहे?

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



सकाळपासून आपण कापसाच्या भावावर बोललो. आता तो कापूस रेच्यावर घालणाऱ्या माणसाबद्दल बोलायचे आहे. तो परका नाही. 1970-71 मध्ये देशात खातेदारामागे सरासरी 2.28 हेक्टर जमीन होती. 2015-16 च्या गणनेत ती 1.08 वर आली. मग घरातली पोरे गेली कुठे? मोठ्या कारखान्यात थोडी. बाकीची तालुक्याच्या जिनात, दालमिलमध्ये, वेल्डिंगच्या शेडमध्ये.

माझा पुतण्या तीन हंगाम एका जिनात होता. दिवाळीपासून होळीपर्यंत, बारा-बारा तास, नाकातोंडात रुईची धूळ. तिसऱ्या हंगामात रेच्यात हात सापडला, दोन बोटे गेली. मालकाने दवाखान्याचे पैसे दिले. माणूस वाईट नव्हता. पण भरपाईची गोष्ट काढली तेव्हा कळले, पोराचे नाव हजेरीपटावर नाही, पगारपत्रकावरही नाही. कामावरच्या अपघाताच्या भरपाईचा कायदा या देशात 1923 साली आला. पण हा माणूस इथे कामाला होता, हे सिद्ध कशाने करायचे?

मजुरी किती, हे आपण विचारतो. मी म्हणतो, आधी नाव कुठे लिहिले ते विचारा. भविष्य निर्वाह निधी 20 माणसांपासून लागू होतो, कामगार विमा 10 पासून. म्हणून कुठे पटावर एकोणीस, कुठे नऊ, आणि बाकीचे ठेकेदाराचे!

मालकाची बाजूही ऐका. मोठा खरेदीदार गाठी उचलतो आणि पैसे सावकाश देतो. लघुउद्योगाचे पैसे 45 दिवसांच्या आत द्यावेत, असे 2006 चा कायदा सांगतो. पण तक्रार केली तर पुढचा सौदा जातो. हे आपल्याला काय नवीन? भाव पडला की आपणही वेचणीच्या बाईची मजुरी ओढून धरली आहे. धरली की नाही?

आज इथे बसलेले बरेच जण शेतकरी उत्पादक कंपनीचे सभासद आहेत. उद्या जीन आपले, दालमिल आपली, मालकही आपण. इन्स्पेक्टर नको म्हणणाऱ्यांत मीही आहे. मग आपली माणसे आपणच मोजू. वार्षिक सभेत नफा विचाराल तेव्हा हेही विचारा: झाडणीच्या बाया धरून माणसे किती, पटावर किती, रेच्याच्या पट्ट्यावर जाळी आहे का? खर्च वाढेल, हे खरे. 170 किलोच्या एका गाठीला साधारण पाच क्विंटल कापूस लागतो. त्या गाठीच्या हिशेबात विम्याचे आणि फंडाचे रुपये आधीच धरा. मागाहून ‘परवडत नाही’ म्हणू नका. ते वाक्य आपण सरकारच्या तोंडून पुष्कळ ऐकले आहे.

ज्यांचे जीन यंदा सुरू व्हायचे आहे, त्यांनी दसऱ्याआधीच्या बैठकीला हजेरीपट घेऊन यावे. कोरा असला तरी चालेल.