काचेवरची नक्षी

झाशी शहराच्या वस्तीत, किल्ल्यापासून फार दूर नाही अशा ठिकाणी, राणीमहाल या नावाने ओळखला जाणारा दुमजली वाडा आहे. झाशीचे सुभेदार रघुनाथ हरी नेवाळकर यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तो बांधविला. १८५४ साली संस्थान खालसा झाल्यावर राणी लक्ष्मीबाई किल्ला सोडून याच वाड्यात राहावयास आल्या. त्याच्या दरबारी दालनात आजही रंगीत वेलबुट्टी, फुले आणि पशुपक्षी पाहावयास मिळतात. ही नक्षी पाहून एखाद्या झाशीकर मराठी गृहिणीस तीतील एखादी वेल आपल्या घरच्या काचेच्या बरणीवर उतरवावी असे वाटले, तर त्यात नवल ते काय? काचेवर चढविण्याचे पारदर्शक रंग हल्ली बाजारात सहज मिळतात, आणि थोड्या सरावाने त्यांतून देवळाच्या झरोक्यासारखी शोभा साधता येते.

परंतु भिंतीवरची वेल काचेवर जशीच्या तशी उतरत नाही. भिंतीला चुन्याचा पांढरा गिलावा असतो. प्रकाश समोरून येतो, रंगावर पडतो आणि पाहणाऱ्याकडे परततो. म्हणून भिंतीवरच्या पानात गडद-फिकट छटा भरता येतात, पाकळीची सावलीही दाखविता येते. काचेला पाठ नाही. तेथे प्रकाश मागून येतो आणि रंगाच्या आरपार जातो. छटांचे नाजूक काम त्या उजेडात विरून जाते, आणि शेजारी शेजारी लावलेले तांबडा व निळा हे रंग एकमेकांच्या हद्दीत सांडल्यासारखे दिसतात. म्हणून काचेवरच्या नक्षीला दोनच गोष्टी मानवतात : ठसठशीत काळी रेघ आणि तिच्या कुंपणातला सपाट रंग.

युरोपातील जुन्या काचकामगारांना हे पक्के ठाऊक होते. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई मनोरा किंवा कुलाब्याचे अफगाण चर्च यांच्या रंगीत खिडक्या ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांना हा प्रकार परिचित आहे. त्या परंपरेत मूळ रंग काचेवर फासलेला नसतो, काचेच्या अंगातच असतो. काच वितळत असताना तीत कोबाल्ट मिसळले की निळी, तांब्याने किंवा सोन्याने तांबडी, मँगनीजने जांभळी काच तयार होते. या काचांचे तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवून खिडकी जोडली जाते. चेहरे व वस्त्रांच्या चुण्या तेवढ्या गडद रंगाने रेखून भट्टीत भाजतात. चौदाव्या शतकाच्या आरंभापासून रुपयाच्या नव्हे, रुप्याच्या संयुगांनी काचेला पिवळा रंग देण्याची युक्ती रूढ झाली. ते रुपे भट्टीच्या आचेने काचेच्या पृष्ठभागात मुरते.

घरी वापरावयाचा रंग या सर्वांची नक्कल आहे, आणि नक्कल म्हणून ती वाईट नाही. शिशाच्या पट्टीची जागा येथे नळीतून पिळून काढलेली, किंचित उंचवट्याची काळी रेघ घेते. बाजारात तिला लायनर म्हणतात. ही रेघ केवळ दिखाऊ नाही; पातळ रंगाला ती बांध घालते.

कामाची रीत साधी आहे, पण घाईला तीत थारा नाही. बरणी साबणाने धुऊन, कोरडी करून स्पिरिटने पुसावी. बोटांचा तेलकटपणा राहिला तर तेथला रंग पुढे पापुद्र्यासारखा सुटतो. कागदावर काढलेली वेल बरणीच्या आत चिकटवून बाहेरून रेघ ओढावी आणि ती पुरी वाळू द्यावी. मग बरणी टॉवेलच्या वळकटीवर आडवी ठेवून वरच्या बाजूचाच तेवढा रंग भरावा, तो आळला की बरणी थोडी फिरवावी. गोल भांड्यावर सगळे एकदम भरू जाणाऱ्याचा रंग ओघळून बुडाशी साचतो! बुडबुडा आलाच तर सुईच्या टोकाने फोडावा. द्रावणाच्या वासाचे रंग असतील तर खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि चूल किंवा गॅस जवळ नसावा. पाण्यात कालविलेल्या काही रंगांना भट्टीत भाजून पक्के करता येते. तेथे डब्यावरची सूचना पाळावी, भांडे थंड भट्टीत ठेवूनच आच वाढवावी आणि आतच निवू द्यावे. साधी काच एकदम तापली किंवा निवाली की तडकते.

येथवर सर्व हौसेचा भाग झाला. खरा प्रश्न आहे तो कोणते भांडे रंगवावे हा. पाण्याचा पेला सर्वांत आधी डोळ्यांपुढे येतो, आणि नेमका तोच टाळावयास हवा. इंग्लंडमधील प्लिमथ विद्यापीठाच्या २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दुकानांतून विकल्या जाणाऱ्या नक्षीदार काचेच्या ७२ भांड्यांपैकी ५२ भांड्यांच्या रंगात शिसे आढळले. काहींच्या तर ओठ लागतो त्या कडेवरच. ते कारखान्यात भाजलेले रंग होते. घरचा न भाजलेला रंग त्याहून मऊ. तो गरम पाण्याने व घासणीने झिजतो आणि त्याचे कण पोटात जाऊ शकतात. कैरीचे पन्हे, लिंबाचे सरबत यांसारखी आंबट पेये रंगातील धातू अधिक ओढून घेतात. शिशाने मुलांच्या मेंदूच्या वाढीस अपाय होतो, आणि त्याचे अमुक प्रमाण निर्धोक असे वैद्यकशास्त्र मानीत नाही. म्हणून ज्याला ओठ लागतो, ज्याच्या आतून अन्न काढले जाते, त्या भांड्याची आतली बाजू व कड यांना रंगाचा स्पर्श होऊ नये. मुलाच्या दुधाचा पेला तर नुसता स्वच्छच बरा. फुलदाणी, पोस्तदाण्याची नव्हे पण शिंपल्यांची किंवा बटणांची बरणी, खिडकीचे तावदान, दिव्याची काच ही या कलेची योग्य क्षेत्रे.

दिव्याची काच म्हटली की मराठी घराला ओगल्यांचा प्रभाकर कंदील आठवतो. लोकांकडून एकेक पैसा जमवून तळेगाव दाभाडे येथे १९०८ साली पैसाफंड काच कारखाना उभा राहिला. तेथे काचेची विद्या शिकविण्यास आलेले ईश्वरदास वार्ष्णेय हे मूळचे संयुक्त प्रांताचे, म्हणजे झाशीच्याच प्रांतातले. १९१६ साली कऱ्हाडजवळ ओगल्यांचा कारखाना निघाला. तो कंदील आज शोभेसाठी ठेवला असेल तर त्याची काच अवश्य रंगवावी. पेटविण्याचा असेल तर मुळीच नाही, कारण ज्योतीच्या तापाने रंग करपतो व धूर करतो. आत विजेचा थंड, लहान दिवा ठेवल्यास हरकत नाही.

झाशीचा उन्हाळा कडक असतो. या रंगांपैकी पुष्कळ रंग उन्हात विटतात, तांबडा व जांभळा बहुधा आधी. तेव्हा रंगविलेली बरणी पश्चिमेच्या खिडकीत न ठेवता उत्तरेच्या ठेवावी. तेथे दिवसभर सौम्य उजेड येतो, आणि धूळ बसली तर ओल्या फडक्याने हलकेच टिपली म्हणजे पुरते.